वाढपी ओळखीचा असला की

१५ नोव्हेंबर १९८८. रात्रीचे पावणेदहा होत आले होते. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, डोंगरांच्या कुशीतल्या ग्रीन बँक या खेड्यात तीनशे फूट व्यासाची रेडिओ दुर्बीण नेहमीसारखी आकाश ऐकत होती. सांगाड्यातली एक जोडपट्टी तुटली आणि बघता बघता ते सगळं धूड खाली बसलं. नियंत्रण कक्षात पाळीवर असलेला माणूस वाचला. उजाडल्यावर जागेवर उरला होता तो वाकड्यातिकड्या पोलादाचा ढीग.

विज्ञानाच्या जगात अशा वेळी अर्ज होतात, समित्या बसतात, वर्षं जातात. ग्रीन बँकचं तसं झालं नाही. राज्याचे सिनेटर रॉबर्ट बर्ड १९८९च्या सुरुवातीला सिनेटच्या विनियोजन समितीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी एका पुरवणी खर्च विधेयकात नव्या दुर्बिणीसाठी साडेसात कोटी डॉलरची तरतूद झाली. २००० साली ती उभी राहिली. शंभर मीटरची तबकडी हव्या त्या दिशेला वळवता येते, अशी इतकी मोठी दुर्बीण जगात दुसरी नाही. तिचं नाव ‘रॉबर्ट सी. बर्ड ग्रीन बँक टेलिस्कोप’.

वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. बर्ड नुसते ओळखीचे नव्हते, घरचे होते. त्याआधी ते सिनेटमधल्या बहुमताच्या पक्षाचे नेते होते. ते पद त्यांनी आपण होऊन सोडलं आणि विनियोजन समिती घेतली. यजमानपदापेक्षा हातातली पळी मोलाची, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात म्हटलं आहे की कायद्यानं तरतूद झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. तरतूद काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, करते. दरवर्षी बारा विनियोजन विधेयकं, प्रत्येकाची वेगळी उपसमिती. या उपसमित्यांच्या अध्यक्षांना वॉशिंग्टनमध्ये ‘कार्डिनल’ म्हणतात, पोपच्या खालोखाल मान असलेले ते कार्डिनल. या विधेयकांत अमुक गावच्या अमुक कामाला इतके डॉलर अशी जी ओळ घातली जाते, तिला ‘इअरमार्क’ म्हणतात. गुरं कुणाची ते कळावं म्हणून त्यांच्या कानाला खूण करत, त्यावरून आलेला हा शब्द. टीकाकारांचा शब्द ‘पोर्क बॅरल’, म्हणजे खारवलेल्या मांसाचं पिंप. आपण म्हणू, आपल्या पोळीवर तूप ओढणं.

भांडण जुनं आहे. रस्ते आणि कालवे यांसाठी केंद्राचा पैसा देणारं विधेयक १८१७ साली अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी कार्यकाळ संपण्याच्या आदल्या दिवशी नाकारलं. घटना तसा अधिकार देत नाही, हे त्यांचं कारण. १८३० साली अँड्र्यू जॅक्सन यांनी मेजव्हिल रस्त्याचं विधेयक परत पाठवलं, कारण तो अख्खा रस्ता एकट्या केंटकी राज्यात होता. केंटकी हे त्यांचे कट्टर विरोधक हेन्री क्ले यांचं राज्य होतं, हा योगायोग मानायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. तत्त्व आणि हिशेब एकाच लिफाफ्यातून पाठवायची रीत तेव्हापासूनची आहे.

बर्ड यांनी तूप ओढलं, आणि ते लपवलं नाही. कोळशाच्या खाणींच्या मुलखात दत्तक वाढलेला हा माणूस तरुणपणी पेट्रोल पंपावर राबला, मांसाच्या दुकानात खाटकाचं काम शिकला. राज्यासाठी आपण अब्ज डॉलरचा उद्योग व्हायचं, असं ते उघड सांगत. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं अवाढव्य केंद्र वॉशिंग्टनहून क्लार्क्सबर्गला आलं. समुद्रकिनारा नसलेल्या या राज्यात तटरक्षक दलाची कार्यालयं आली. पूल, महामार्ग, इस्पितळं, ग्रंथालयं: बर्ड किंवा त्यांच्या पत्नी एर्मा यांचं नाव असलेली ठिकाणं पन्नासाहून जास्त आहेत. करदात्यांच्या संघटनांनी त्यांना ‘पोर्कचा राजा’ म्हटलं. ते रागावल्याचं कधी दिसलं नाही.

मग राज्य सुधारलं का? १९५० साली वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या वीस लाखांवर होती. २०२० साली ती अठरा लाखांच्याही आत आली. १९५० साली राज्याचे सहा प्रतिनिधी काँग्रेसच्या खालच्या सभागृहात बसत. आज दोन बसतात. घरटी उत्पन्नात हे राज्य अजूनही देशाच्या तळाशी आहे. कोळसा बसला तेव्हा बर्ड यांच्या इमारतींनी धक्का सौम्य केला असेल, पण इमारतीत नोकरी मिळते, इमारतीमुळे गावात धंदा उभा राहीलच असं नाही. आणि बर्ड यांच्या आधी किंवा नंतर ज्या राज्याकडे पळी नव्हती, तिथल्या खाणकामगाराची भूक काही कमी नव्हती. माझा आक्षेप इथं आहे. या पद्धतीत वाढणं भुकेवर ठरत नाही, वाढप्याच्या ज्येष्ठतेवर ठरतं.

तरीही ती दुर्बीण मला निकालात काढता येत नाही. ग्रीन बँकची जागा बर्ड यांनी शोधलेली नव्हती. डोंगर रेडिओ लहरी अडवतात म्हणून शास्त्रज्ञांनी ती बर्ड सिनेटर होण्याआधीच निवडली होती. सेकंदाला ७१६ गिरक्या घेणारा पल्सार याच दुर्बिणीनं शोधला. गुरुत्वीय लहरींची विश्वव्यापी मंद गुणगुण ऐकू येत असल्याचे पुरावे जून २०२३मध्ये जाहीर झाले, त्यातल्या अमेरिकी गटाचा एक मोठा कान ग्रीन बँकचा होता. आणि त्याच दिवशी युरोपीय गटाबरोबर निष्कर्ष मांडणाऱ्या भारतीय गटाचा कान नारायणगावजवळच्या खोडदचा. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ साली एका आढावा समितीनं शिफारस केली की खगोलशास्त्राच्या तुटपुंज्या पैशातून ग्रीन बँकचा खर्च यापुढे करू नये. म्हणजे तूप ओढून आणलेली वस्तू उत्तम असू शकते आणि तरी कुणाच्या तरी ताटातून गेलेली असू शकते.

या पद्धतीची बदनामी झाली ती दुसऱ्या टोकाला, अलास्कात. केचिकन हे आठेक हजार वस्तीचं बंदर. त्याचा विमानतळ समोरच्या ग्रॅविना बेटावर, आणि बेटावर कायम राहणारी माणसं पन्नासच्या आसपास. मधली खाडी फेरीबोटीनं काही मिनिटांत ओलांडता येते. २००५च्या महामार्ग कायद्यात सहा हजारांवर इअरमार्क होते. त्यांतला एक या खाडीवरच्या पुलाचा, २२ कोटी ३० लाख डॉलरचा. खालच्या सभागृहातल्या वाहतूक समितीचे अध्यक्ष होते अलास्काचे डॉन यंग. कायद्याच्या नावाच्या आद्याक्षरांत त्यांनी पत्नीचं नाव, ‘लू’, बसवून घेतलं. ‘कुठंही न जाणारा पूल’ हे नाव देशभर झालं.

हा कायदा झाला त्याच महिन्यात कतरिना वादळानं लुइझियाना उद्ध्वस्त झाला. ऑक्टोबरमध्ये सिनेटर टॉम कोबर्न यांनी सुचवलं की अलास्काच्या पुलाचे पैसे लुइझियानातल्या मोडलेल्या पुलाला द्यावेत. अलास्काचे ज्येष्ठ सिनेटर टेड स्टीव्हन्स सभागृहात संतापले, असं झालं तर राजीनामा देईन म्हणाले. सूचना ८२ विरुद्ध १५ मतांनी पडली. हे ८२ जण काही सगळे अलास्काचे प्रेमी नव्हते. आज याच्या पानातलं उचललं तर उद्या माझ्या पानातलं जाईल, एवढं त्यांना कळत होतं.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. लोक चिडले, तेव्हा काँग्रेसनं कायद्यातून पुलाचं नाव काढलं. पैसे मात्र अलास्कालाच राहिले, हव्या त्या वाहतुकीच्या कामाला वापरा म्हणून. २००७ साली गव्हर्नर सारा पेलिन यांनी पुलाचा नाद सोडला. तोवर पुलाकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला होता, आणि तो पुराही झाला. पूल नाही, रस्ता आहे. नाव खोडलं, खर्च झालाच.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य रँडी कनिंगहॅम लाच घेऊन संरक्षण खात्याची कामं मिळवून दिल्याबद्दल तुरुंगात गेले. एवढ्या कामासाठी एवढी लाच, असा दर त्यांनी काँग्रेसच्या कागदावर लिहून दिला होता. त्यामुळे २०११ साली इअरमार्क बंद झाले तेव्हा फार कुणी अश्रू ढाळले नाहीत. पण बंदीनं तूट किती कमी झाली? जवळजवळ काहीच नाही. हा पैसा केंद्राच्या अंदाजपत्रकात चिमूटभरच असतो, आणि ओळ काढली म्हणून बेरीज कमी होत नाही. ते पैसे कुणाला द्यायचे हे खातं ठरवतं, इतकंच. मग सदस्य खात्यांना पत्रं लिहू लागले, फोन करू लागले. याला नावंही पडली: ‘लेटरमार्क’, ‘फोनमार्क’. विधेयकात छापलेली ओळ कुणालाही वाचता येत होती. पत्र फायलीत जातं.

इथं मराठी वाचकाला ओळखीचं काही दिसेल. आपल्या खासदाराला अंदाजपत्रकात स्वतःहून एकही ओळ घालता येत नाही. अनुदानाची मागणी सरकारच मांडतं. लोकसभा ती कमी करू शकते किंवा फेटाळू शकते, वाढवू शकत नाही. त्याबदल्यात १९९३च्या डिसेंबरात खासदार निधी आला, आज वर्षाला पाच कोटी. हा हातखर्च झाला. मोठ्या कामासाठी मंत्र्याला निवेदन द्यायचं, हार घालायचा, वर्तमानपत्रात फोटो छापायचा. अमेरिकेनं बंदीच्या दहा वर्षांत जे चोरून केलं, तो आपला नित्याचा रिवाज आहे. आपल्याकडे दुसरा एक प्रयोगही झाला. वि. म. दांडेकर समितीनं १९८४च्या अहवालात महाराष्ट्राची सरासरी काढून प्रत्येक जिल्हा तिच्या किती खाली आहे ते मोजलं आणि सुमारे ३१८७ कोटींचा अनुशेष मांडला. वाढपी कुणाचा, हे बाजूला ठेवून ताटात किती कमी आहे ते मोजायचं, ही त्यामागची दृष्टी. त्या आकड्यांवरून पुढं राजकारण झालंच. पण भांडायला आकडा तर होता.

२०२२ सालच्या कायद्यापासून अमेरिकेत इअरमार्क परतले, नाव बदलून आणि अटी घालून. सदस्यानं मागणी स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करायची. आपला किंवा कुटुंबाचा यात आर्थिक संबंध नाही असं लिहून द्यायचं. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला पैसा नाही. एकूण रक्कम ऐच्छिक खर्चाच्या एक टक्क्याच्या आत. पहिल्याच वर्षी जवळजवळ पाच हजार कामं, सुमारे ९ अब्ज डॉलर: गावच्या पाण्याचे नळ, पोलिसांचे रेडिओ, दवाखान्याचा विस्तार. बर्ड यांच्या दुर्बिणीसारखं काही नाही, ग्रॅविनासारखंही नाही. मार्च २०२५मध्ये मात्र काँग्रेसनं विनियोजन विधेयकं न करता आदल्या वर्षाचाच खर्च पुढे चालू ठेवला, आणि त्या वर्षासाठी मागितलेली ही सगळी कामं एका फटक्यात गेली.

त्याच वर्षी घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. जुलैमध्ये अध्यक्षांचं मोठं कर आणि खर्च विधेयक सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी निसटतं पास झालं. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांचं मत निर्णायक होतं. अन्नसाहाय्याच्या खर्चाचा वाटा राज्यांवर टाकणाऱ्या तरतुदीत काही राज्यांना मुदतवाढ मिळाली. कोणत्या? ज्यांच्या वाटपात चुकांचं प्रमाण जास्त, त्यांना. चुकांत अलास्का देशात पहिलं होतं. तरतुदीत अलास्काचं नाव नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं, तेव्हा प्रशासनानं न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालच्या बोगद्याचे आणि भुयारी रेल्वेचे मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर रोखल्याचं जाहीर केलं. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतले विरोधी नेते न्यूयॉर्कचे आहेत. पळी काँग्रेसच्या हातातून निघाली की पंगतीतला भेदभाव संपत नाही. वाढणं हे बक्षीस असतं, तसं ताट काढून घेणं ही शिक्षा होते.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या भागासाठी मागणं हे प्रतिनिधीचं पाप नाही. त्यासाठीच लोक त्याला पाठवतात, आणि कुठल्या गावचा नळ गंजला आहे हे राजधानीतल्या अधिकाऱ्याआधी त्यालाच कळतं. बर्ड यांच्या पन्नास पाट्यांचा पोटभर उपहास करता येतो. पण पाटी आहे म्हणूनच करता येतो. किती आले, कुणी आणले, शेजारच्या राज्याला का नाही, हे सगळं त्या नावाला विचारता येतं. जिथं नावच नाही, तिथं प्रश्न कुणाला विचारणार? वाढप्याला पंगतीतून हाकलता येणार नाही. तो सगळ्यांना दिसेल असा उभा करावा, आणि कुणाच्या ताटात आधीच किती आहे हे मोजून त्याच्यासमोर ठेवावं, एवढं करता येईल.

ग्रॅविना बेटावर तो तीनेक मैलांचा रस्ता अजून आहे. न झालेल्या पुलाच्या टोकाशी तो येऊन थांबतो. ज्या पुलासाठी तो बांधला, त्याचं नाव कायद्यातून खोडलं गेलं. बर्ड यांच्या दुर्बिणीवर टीका करायची तर दारावर नाव आहे. हा रस्ता बेवारस आहे.