टिंबाआधीची रेघ

माणसाच्या बोलण्याचा सरळ अर्थ घ्यावा की आडवा? तत्त्वज्ञांनी यावर ग्रंथ लिहिले असतील, अस्मादिक बी.कॉम., त्यामुळे आम्हांला हा प्रश्न एका टिंबाने घातला.

त्याचं असं झालं. काही खात्यांतून चुकून साडेबारा रुपये कापले गेले होते. ती खाती शोधायला मी हौसेने शिकलेल्या पर्ल भाषेत चार ओळी खरडल्या आणि संगणकाला म्हटलं, ‘१२.५० शोध.’ यादीत एक पेन्शनर आजोबा निघाले. ‘पैसे परत न्या’ असा निरोप गेला. भर उन्हात दोन बस बदलून ते आले. पासबुक उघडतो तो काय, १२७५०! तेही त्यांनीच काढलेले.

कारण पर्लच्या शोधात टिंब म्हणजे टिंब नव्हे. त्याच्या जागी कोणतंही एक अक्षर चालतं. इथे सात चालला. अधिक, तारा, प्रश्नचिन्ह, डॉलर धरून अशी बारा मानकरी चिन्हं आहेत. साधं टिंबच हवं असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ मारायची, की साहेब लगेच शिपाई होतो. उलट गरीब बिचाऱ्या ‘डी’आधी तीच रेघ मारली की तो ‘कोणताही अंक’ होऊन मिरवतो! १९८७ साली ही भाषा काढणारे लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले. उगाच नाही.

मी माफी मागितली. आजोबा म्हणाले, “असू द्या हो, चालायचंच.”

झालं! तीन दिवस माझी झोप उडाली. टोमणा असेल? तक्रार करतील? चौथ्या दिवशी ते आले, स्लिप भरली, “बरे आहात ना?” म्हणाले आणि गेले. ‘चालायचंच’चा अर्थ चालायचंच एवढाच होता.

तेव्हा लक्षात आलं, ‘खरंच सांगतो’, ‘देवाशपथ’ या आपल्या तिरक्या रेघाच. साध्या माणसाला साधं बोलण्यासाठी त्या ओढाव्या लागतात, कारण ऐकणारा प्रत्येक टिंबात काहीतरी शोधत बसतो. यंत्रापुढे रेघ लिहिणाऱ्याने मारायची, ठीक आहे. माणसांत मात्र ती ऐकणाऱ्याने आपल्या मनात मारावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

अपवाद एकच. आमची सौ. ‘काही नाही’ म्हणते तेव्हा तिथे रेघ मारण्याचं धाडस मी करत नाही.