पायरी कुणाची?

आमच्या आष्टीसारख्या तालुक्याच्या गावीही आता चहाच्या दुकानांवर दूरच्या शहरांतली नावे झळकू लागली आहेत. नाव एकाचे, भांडवल दुसऱ्याचे, गाळा तिसऱ्याचा. पाटीचा रंग, साखरेचे माप, कपाची उंची, सारे करारात ठरलेले. पण दारातली पायरी कुणाची, असे विचारले की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. चाकाच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाने चहा रस्त्यावरच प्यावा, असा जणू त्यांचा अलिखित करार!

2016 चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात बजावले, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

उतार उंचीच्या बारापट लांब लागतो. सहा इंच पायरीला सहा फूट. आमच्या बाजारात तेवढ्यात गटार संपून रस्ता लागतो. दुकानदाराची ही अडचण मी खोटी मानत नाही. (मोटारसायकली लावायला मात्र तीच जागा बरी सापडते!) तरीही मला वाटते, गल्ल्यावर जो पैसे घेतो त्यानेच आधी उत्तर द्यावे, गिऱ्हाइकाला दिसतो तो तेवढाच. खर्चाचा हिशेब त्याने नाववाल्याशी आणि गाळेवाल्याशी मागाहून करावा. कपाची उंची ठरवणाऱ्याला उंबऱ्याची ठरवता येत नाही थोडीच!

"आम्ही उचलून नेतो की," असे काही जण प्रेमाने म्हणतात. पण माणूस म्हणजे पोते नव्हे. त्यापेक्षा पत्र्याचा सुटा उतार करावा, गिऱ्हाईक आले की लावावा, गेले की उचलावा. जुन्या दुकानांच्या फळ्या रोज सकाळ-संध्याकाळ काढल्या-लावल्या जातच होत्या.