बाजरीचं आजोळ

१९७२च्या दुष्काळात मिरजगावच्या नानीनं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, गळ्यातले चार मणी मोडले. पण कणगीच्या तळाशी राखेत कालवून ठेवलेल्या बाजरीला हात लावला नाही. एका रात्री पोरं भुकेनं रडायला लागली तेव्हा पुतण्यानं कणगीचं झाकण उचललं. नानी म्हणाली, "ठेव ते. ते आपलं न्हाई, म्होरल्या सालाचं हाय."

म्होरल्या साली पाऊस आला. पुतण्यानं नगरहून संकरित बियाण्याची पिशवी आणली, एचबी-३. त्याचं काही चुकत नव्हतं. पहिला संकरित वाण, एचबी-१, देशात १९६५ला आला आणि १९७०-७१ला बाजरीचं उत्पादन ८० लाख टनांवर गेलं. वर्षभर भाकरी मोजून खाल्लेल्या माणसानं त्या पिशवीकडे पाठ फिरवावी, असं कुणी म्हणू नये. त्याचं रान उगवलं तेही बघत राहावं असं: सगळी ताटं एका उंचीची, एका रंगाची. बांधापलीकडं नानीचं वावर होतं.

"नानी, एक ताट कमरेला, एक डोक्याला. ह्याला काय शेत म्हनायचं?"

"म्हनू नको," नानी म्हणाली आणि खुरपायला बसली.

महिन्याभरात पुतण्याच्या रानात कोवळी पानं पिवळी पडू लागली. सकाळी दवात पान उलटं करून पाहिलं, तर खाली पांढरी भुकटी. अंगठा फिरवला की पिठासारखी बोटाला लागायची. कणसं निसवली तेव्हा दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुपकेच झुपके. गोसावी रोग आला होता. ओळीच्या ओळी गेल्या. नानीच्या वावरातही तो शिरला होता, हे सांगायला हवं. जुनं वाण म्हणजे अमृत, असं बोलणाऱ्यांनी ते वावर पाहिलेलं नसतं. तिनं रोगट ताटं निसवायच्या आधीच उपटून बांधावर जाळली. राहिली त्यांना कणसं धरली. उतारा बेताचाच, पण खळं झालं.

एकाच वाऱ्यानं एक रान झोपवलं आणि दुसरं राखलं, ते का? बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात, परागकोष मागाहून. तोवर शेजारपाजारचे पराग वाऱ्यानं येऊन बसतात. म्हणून नानीच्या वावरात एक ताट दुसऱ्यासारखं नव्हतं; रोगाला एक बळी पडलं, दुसरं तगलं. पुतण्याच्या पिशवीत मात्र प्रत्येक दाणा सारखा. आणि गोम आणखी खोल होती. एचबी-१चा बाप वेगळा, एचबी-३चा वेगळा. आई दोघांची एकच, टिफ्ट २३ए. ती घडली अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथं. तिकडं बाजरीवर हा रोगच नाही. ज्या घरानं कधी गोसावी पाहिला नाही, त्या घरच्या लेकीला त्याच्याशी झुंजायचं बळ कुठून येणार? पोरीचं लग्न ठरवताना आपण आजोळापर्यंत चौकशी करतो. बियाण्याच्या बाबतीत देशभर कुणी केली नाही. १९७४-७५ला उत्पादन निम्म्याच्या खाली आलं होतं. त्यात अवर्षणाचाही वाटा होता आणि गोसाव्याचाही.

  

माघात पुतण्या पाटी घेऊन नानीच्या दारात आला. नानीनं पाटी भरली, वर म्हणाली, "ह्यातलंच सारं पेरू नको. तुझ्या रानात चार ताटं उभी राहिली व्हती, त्यांची कणसं कुठं हायेत?"

"ती खाल्ली."

"मंग शिकलास काय?"

बियाणं संकरित आहे म्हणून रोग आला, असं काही नानीचं म्हणणं नव्हतं. पुढं शास्त्रज्ञही तिच्याच वाटेनं गेले: निरनिराळ्या मुलखांतलं गावठी बियाणं रोगट रानात मुद्दाम पेरायचं, तगेल ते निवडायचं, त्यातून नव्या आया आणि नवे बाप घडवायचे. आपल्याकडे १९८८ला आलेली आयसीटीपी ८२०३ टोगो देशातल्या गावठी बाजरीतून निवडलेली आहे. हरयाणातला एचएचबी ६७ रोगाला बळी पडू लागला, तेव्हा त्याच्या बापात प्रतिकाराची जनुकं रेणूंच्या खुणा पाहून घातली आणि २००५ला सुधारित वाण दिला. पण रोगही बदलत राहतो. आज अडवणारं जनुक उद्या अडवीलच, अशी हमी नाही.

नानी गेली. राहुरीच्या विद्यापीठाचे 'श्रद्धा' आणि 'सबुरी' बाजारात आले, तोवर पुतण्याचेही केस पिकले होते. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या बियाण्याच्या दुकानात त्यानं दोन्ही पिशव्या मागितल्या आणि विचारलं, "ह्यांची आई कोन?"

दुकानदाराला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "बाबा, किती दिवसांची, उतारा किती, ते विचारा."

"ते पिशवीवर हाय. दोन्हींची आई एकच निघाली, तर मी दोन पिशव्या घेऊन केलं काय?"

दुकानदारानं फडताळातून कृषिदर्शनी काढली, पानं चाळली. पेरणीचं अंतर होतं, खताची मात्रा होती. आईचं नाव सापडलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," पुतण्या म्हणाला. "राहुरीला जाऊनच इचारतो. धाची यस्टी हाय."