दीक्षाभूमीला कर्ज काढून जावे काय?

गेल्या वर्षी मी कर्ज काढून सहकुटुंब नागपूरला गेलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. परतल्यावर मुलीच्या वह्या उधारीने आणल्या. आई म्हणाली, "जत्रेसाठी तुझा बापही कर्जच काढायचा. मग बदललं काय?"

बदलले ते हे : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे लाखोंना धम्मदीक्षा दिली, तेथे कोणी नवस फेडत नाही. तेथे पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी असते. गावात चार घरे असलेल्या आपल्या माणसाला तेथे कळते की आपण एकटे नाही. हे मोल लहान नाही.

पण आईचे म्हणणेही खोटे नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करून एक अडीअडचणीसाठी राखावा असे गृहस्थाला सांगितले आहे. न गेल्यास पाप लागेल या भीतीने कर्ज काढणे, म्हणजे जुनाच देव नव्या नावाने घरात आणणे होय.

म्हणून वर्षभर साठवून जावे. साठले नाही तर त्या दिवशी घरीच मुलांसह बावीस प्रतिज्ञा वाचाव्यात. मुलीची वही विकत घेणे हीही बाबासाहेबांना वंदनाच आहे.

जय भीम!