लागला का रे?

व्हॉलीबॉलचा पहिला पंच जाळीच्या एका टोकाला उंचावर उभा असतो. त्याची नजर जाळीच्या वरच्या कडेहून साधारण ५० सेंटिमीटर वर असावी, असा नियमच आहे. पुरुषांची जाळी २.४३ मीटरची, तेव्हा किती वरून तो खेळ पाहतो याचा अंदाज यावा. त्याचा फैसला अंतिम. खुलासा विचारायचा हक्क फक्त मैदानातल्या कर्णधाराला. एवढी सत्ता हाती असून त्याला एक बंधन आहे. स्वतः पाहिले किंवा सहकाऱ्याने खूण केली, तरच शिट्टी. अंदाजाने नाही.

अडचण येते ती बोटांच्या टोकाशी. स्मॅशचा चेंडू ब्लॉक करणाऱ्याच्या बोटाला निसटता लागून मैदानाबाहेर पडतो. लागला असेल तर गुण स्मॅश मारणाऱ्या संघाचा, नसेल तर समोरच्यांचा. रेषापंच निशाण उभे धरून त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवतो, ती स्पर्शाची खूण. त्यालाही दिसले नाही तर? खात्रीने जाणणारा एकच उरतो, ज्याच्या बोटाला चेंडू लागला तो. आणि तो गप्प असतो.

‘मी कुठे खोटे बोललो? मला कुणी विचारलेच नाही,’ असे तो म्हणेल. मला हे पटत नाही. हात खाली घेऊन, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने उभे राहणे हेही सांगणेच झाले.

२०२३ च्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने हिरवे कार्ड आणले. व्हिडिओचा निकाल येण्याआधी जो आपणहून चूक कबूल करतो, त्याचा हा गौरव. चांगलेच आहे, वेळही वाचतो. पण कॅमेऱ्यात सगळे उमटले आहे हे ठाऊक असताना दिलेल्या कबुलीला किती मोल द्यायचे?

गावच्या स्पर्धेत कॅमेरा नसतो, कधी रेषापंचही नसतात. तिथे एखादा पंच सरळ खेळाडूलाच विचारतो, ‘लागला का रे?’ नियमावर बोट ठेवणारे म्हणतात, याने आपले काम पोरांच्या गळ्यात घातले; खरे बोलणारा गुण गमावणार, खोटे बोलणारा कमावणार. आक्षेपात तथ्य आहे. तरी ज्याला ठाऊक आहे त्याला विचारण्यात मला गैर दिसत नाही. फक्त विचारायचे तर दोन्ही बाजूंना, दर वेळी. तसे होत नाही. कोणता मुलगा खरे सांगतो हे पंचाला दोन सामन्यांत कळते, आणि मग तो त्या एकट्यालाच विचारत राहतो.