कानातली पांढरी बोंडं

डोळा आणि कान हे चेहऱ्यावरचे सख्खे शेजारी. पण समाजाने दोघांना न्याय मात्र वेगवेगळा लावला आहे. डोळा अधू झाला की माणूस चष्मा लावतो आणि एकदम विद्वान दिसू लागतो. कान अधू झाला म्हणून यंत्र लावलं, की तोच विद्वान एकदम म्हातारा दिसू लागतो. चष्म्याच्या दुकानात लोक आरशापुढे अर्धा अर्धा तास उभे राहून फ्रेम निवडतात. कानाचं यंत्र घ्यायला गेलेला गृहस्थ मात्र पहिला प्रश्न विचारतो, "दिसणार तर नाही ना?"

आमच्या चंद्रपूरकडे हा प्रश्न विचारणाऱ्यांची वाण नाही. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, वीज केंद्र, बल्लारपूरची पेपरमिल, अशा ठिकाणी यंत्रांच्या घरघराटात उभा जन्म काढलेली मंडळी पेन्शनीसाठी बँकेत येतात. वय काय किंवा गोंगाट काय, दोघेही आधी उंच पट्टीतले आवाज खातात. त्यामुळे स्वर शाबूत राहतात आणि स, श, फ, थ ही नाजूक व्यंजनं गळतात. "आवाज येते जी, पण शब्द नाही येत," असं एखादे पेन्शनर म्हणतात ते अगदी शास्त्रशुद्ध असतं. बँकेत याचा अर्थ असा की 'सहा हजार' आणि 'दहा हजार' यांत कानाला एका अक्षराचा फरक, आणि हिशेबाला चार हजारांचा! मग काउंटरच्या आतून कारकून ओरडतो. जी शिल्लक या सद्गृहस्थाने जन्मभर सख्ख्या भावाला कळू दिली नाही, ती रांगेतल्या पंचवीस जणांना तोंडपाठ होते. बहिरेपणात माणसाच्या कानांबरोबर त्याचं खासगीपणही जातं, हे डॉक्टरच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

कायद्याचंही तसंच. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांनी 70 डेसिबल ऐकू येईनासं झालं तर माणूस बहिरा, आणि 60 ते 70 मध्ये असला तर ऐकायला कमी येणारा. ज्याचं 45 वर अडलंय त्याला या व्याख्येत जागा नाही. तो धड ऐकणाऱ्यांत नाही आणि धड बहिऱ्यांतही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर असा माणूस म्हणजे 'सस्पेन्स खातं'. रक्कम आहे, पण कुठे टाकायची ते कळत नाही.

नेमक्या याच मंडळींसाठी ती पांढरी बोंडं आली. 12 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपल कंपनीच्या एअरपॉड्स प्रो 2 या इअरबड्सना श्रवणयंत्राचं काम करायची परवानगी दिली. अट एवढीच की माणूस सज्ञान असावा आणि बहिरेपणा सौम्य ते मध्यम असावा. त्या वेळी ही सोय भारतात सुरू नव्हती. तेव्हा बंगळूरच्या काही पोरांनी आजीच्या कानांसाठी ॲल्युमिनियमच्या कागदाचा पिंजरा केला, त्यात यंत्र ठेवलं आणि आपण कॅलिफोर्नियात आहोत अशी त्याची समजूत करून दिली. आजी बंगळुरात, कान अमेरिकेत! नातवंडांनी केलेल्या फसवणुकीत इतकी सात्त्विक फसवणूक दुसरी नसेल.

आता प्रश्न असा की, बहिरेपण फॅशनखाली झाकणं ही लबाडी आहे का? मला तरी तसं वाटत नाही. आपण केसांना कलप लावतो तेव्हा आरशाखेरीज कोणाचं नुकसान होत नाही. यंत्राची लाज वाटते म्हणून ते कपाटात ठेवून घरभर "आँ? आँ?" करत फिरण्यापेक्षा, नातवासारखं दिसणारं काही तरी कानात घालून त्याचं बोलणं ऐकलेलं शतपटीने बरं.

अडचण निराळीच आहे. श्रवणयंत्र समोरच्याला सांगतं, "मला तुमचं ऐकायचंय, जरा सांभाळून बोला." आणि कानातलं बोंड सांगतं, "मी कामात आहे, नंतर या." खूण नेमकी उलटी! मोहफुलं वेचायच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणारा माणूस कानांवर जगतो. वानराचा खकारा किंवा चितळाची हाक वेळेवर ऐकू आली तर वाघ नुसती बातमी राहतो. पण तिथेही एखादा पोरगा ठणठणीत कानांत गाणी ठोसून चालतो. त्याने कान बंद करायला बोंडं घातली, आजोबांनी उघडायला. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, आणि शिव्या दोघांनाही सारख्याच पडतात.

शिवाय ही बोंडं एका चार्जिंगवर साधारण 6 तास टिकतात. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लावतात, ती रात्रभर चालतात. म्हणजे खलनायकाची कारस्थानं सगळी ऐकू येणार आणि त्याला शिक्षा व्हायच्या वेळी आजोबांचे कान डबीत चार्ज होत असणार. बाजारात मिळणारी हजार रुपयांची बोंडं तर नुसती गाणी ऐकवतात. त्यांना श्रवणयंत्र समजून कोणी घेऊ नये. आणि कान आधी डॉक्टरला दाखवावेत, कारण पुष्कळदा अडसर नुसत्या मळाचा असतो.

पण कोणतंही यंत्र जे करू शकत नाही ते एक काम शिल्लक राहतंच. घरात सगळे हसतात, आजोबा विचारतात, "काय झालं?" आणि आपण म्हणतो, "काही नाही हो, असंच." या 'काही नाही'ने माणूस जितका घराबाहेर पडतो तितका म्हातारपणाने पडत नाही. मराठीत ऐकणं म्हणजे कानांनी ऐकणं आणि दुसऱ्याचं मानणंही. "बाबा ऐकत नाहीत," अशी तक्रार करणाऱ्यांनी बाबांना शेवटचं काही पुन्हा कधी सांगितलं होतं, याची एंट्री तपासून पाहावी. महागडं बोंड आणून दिलं की आपला वाटा फिटला, असं मानण्याकडे आपला कल फार. ती पळवाट आहे.

बँकेत याला एक उपाय सापडतो. आकडा चिठ्ठीवर लिहून काचेखालून सरकवायचा. कागद ओरडत नाही, आणि सहाचे दहाही होत नाहीत. घरी चिठ्ठ्या चालत नाहीत, तिथे मात्र तोंडानेच पुन्हा सांगावं लागतं. त्याला व्याज लागत नाही.