बोलायला कुणी शिकवायचं?

पारनेर तालुक्यातल्या सुपे औद्योगिक वसाहतीत देशी-विदेशी कारखाने आले. आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन गावोगावची मुलं तिथं मुलाखतीला जातात. यंत्र त्यांना कळतं. पण साहेबांपुढे ‘मला हे समजलं नाही’ एवढं म्हणतानाही घसा कोरडा पडतो. मग शेरा मिळतो: संवादकौशल्य कमी.

ही उणीव एकट्या मुलाची कशी? वर्गात वर्षानुवर्षं ‘गप्प बस’ हेच ऐकलेलं. घरी मोठ्यांना प्रश्न विचारला, तर तो उद्धटपणा. आणि एका सकाळी त्याच्याकडून आपण बोलकेपणा मागतो!

याच तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयानं नापास मुलांना आवर्जून प्रवेश दिला. व्यायाम, वसतिगृहाची शिस्त, श्रमदान यांतून ती मुलं उभी राहिली. आधी कुणीतरी त्यांच्यावर विश्वास टाकला होता.

कारखान्यांनीही वाटा उचलायला हवा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं कामावर शिकवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहेच. पाना कसा धरायचा हे शिकवताना, झालेली चूक कशी सांगायची हेही शिकवावं. पहिल्या चुकीला सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, तर दुसरी चूक तो पोरगा लपवणारच.